पोट्ट्यांना विनोद कळू देऊ नकोस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

हातभट्टीवाल्या घरातल्या पोरांवरच्या तुझ्या विनोदी पुस्तकाची तू पाठवलेली प्रकरणं वाचली. गाय सुटल्याचं प्रकरण तर घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पोलिसांच्या गाडीची धूळ दिसली की धाकट्यानं धुऱ्यावरून "गाय सुटली वं!" म्हणून ओरडायचं आणि मायनं सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या गूळपाण्याचे ड्रम नाल्यात उपडे करायचे, हा त्या घरचा नियम. मग एक दिवस गाय खरंच सुटते. पोट्टं जीव तोडून ओरडतं, सगळा माल नाल्यात जातो आणि गाय शेजाऱ्याच्या तुरीत शिरते. यात कोणीच बावळट नाही. पोरगं खरं बोललं, माय नियमाला जागली, आणि बापाला मारायला कारण सापडेना. हसता हसता तिघांबद्दलही माया वाटते. ही ताकद तुझ्यात आहे, म्हणून बाकीचं स्पष्ट लिहितो.

दुसऱ्या प्रकरणात हाच धाकटा बापाच्या धंद्यावर टोमणे मारतो. तिथं तो आठ वर्षांचा राहत नाही, त्याच्या तोंडून तू बोलायला लागतेस. त्याला यात हसण्यासारखं काही दिसता कामा नये. ज्याच्या घरी कापूस त्याला वेचणी, यांच्या घरी हातभट्टी तर यांना पाणी भरणं, गूळ फोडणं आणि राखण. गूळ फोडताना एक खडा तोंडात टाकायला मिळतो, हा त्याला धंद्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पोरं जितकी मनापासून या कामाला लागतील तितकं वाचकाला हसू येईल. एवढं एक अख्ख्या पुस्तकभर सांभाळलंस तरी मला पुरे.

बाप आणि बीट जमादार यांच्या बोलण्यात कलम ६५ सारखं येणारच, दारूबंदी कायद्यातलं ते नेहमीचं कलम आहे. धाकट्याला ते बापाचं मानाचं पद वाटू दे. वर्गात पाढे म्हणताना "तेरा पंचे पासष्ट" आलं की त्यानं छाती काढून इकडेतिकडे बघावं. का, ते अजिबात सांगू नकोस.

गाव वर्धा नदीच्या काठावर बसवलंस, हे फार चांगलं केलंस. पण वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, एवढं सांगून तू पुढे निघून गेलीस. थांब की तिथं! पुलगावकडून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथं परवान्याच्या दुकानात उघड विकली जाणारी बाटली इकडच्या काठावर आली की गुन्हा होते. पोरांना हे कसं समजावं? काकासोबत डोंग्यात बसलेल्या थोरलीनं विचारावं, "काका, बाटली नदीच्या मधात असली तं मंग?" मोठ्यांपैकी कोणाकडेच याला उत्तर नसावं. उन्हाळ्यात पात्र आटतं, पोरं पायी पलीकडे जातात, तेव्हा हद्द कुठं आहे ते वाळूत शोधत बसणारी ही भावंडं मला आत्ताच डोळ्यांपुढे दिसतात.

जमादाराला ढेरपोट्या आणि मूर्ख करू नकोस. तसले पुष्कळ झाले. त्याची पोरगी याच शाळेत असते, हातभट्ट्या मोडायच्या वॉश आऊट मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी दोघं बाप एकाच बाकावर पालकसभेला बसतात. पंचनाम्यावर सही करायला पंच गावातलेच लागतात, आणि आदल्या रात्री यांच्याच अंगणात बसून प्यायलेला माणूस पंच म्हणून उभा राहतो. गाव हे असंच चालतं, मुद्दाम रंगवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र हट्टानं सांगतो. तिसऱ्या प्रकरणात या कुटुंबाला पारधी म्हणून जी ओळख दिलीस, ती काढून टाक. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पारध्यांसारख्या जमातींतली माणसं जन्मापासून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आजही आजूबाजूला चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जातात. तिथल्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागतं ते तू जाणतेस. तुझ्या पुस्तकात हसणारा वाचक त्या पोरांवर हसला तर तुझी सगळी माया फुकट गेली. हातभट्टी कोणत्याही घरात लागते. तुझ्या ओळखीच्या, सात-बारावर नाव असलेल्या घरात ती लाव.

दारूबंदीचा मोर्चा काढणाऱ्या बायांनाही तू कर्कश केलंस. २०१० साली चिमूरहून बाया पायी नागपूरला विधानभवनावर गेल्या होत्या. पुढे २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, २०२१ साली उठली. त्या चालणाऱ्या बायांच्या घरात काय घडत होतं, ते तुझ्या कथेत कुठून तरी आत यायलाच हवं.

आणि ते आत यायची वाट तूच करून ठेवली आहेस. थोरलीचं अक्षर चांगलं, म्हणून उधारीची वही तिच्याकडे. तू त्यावर एक गंमत केलीस, गिऱ्हाइकांची टोपणनावं ती शुद्धलेखनाचे नियम पाळून लिहिते म्हणून. गंमत छान आहे, राहू दे. पण वही तिथंच मिटू नकोस. शाळेची सहल जायची आहे, तिची मैत्रीण पैसे नाहीत म्हणून येत नाही. रात्री थोरली वही लिहायला बसते आणि मैत्रिणीच्या बापाच्या नावापुढे त्याच तारखेचा आकडा मांडते. तो तिच्याच हातचा, तिच्याच वळणदार अक्षरातला. तिला रडवू नकोस, मोठमोठी वाक्यं देऊ नकोस. तिनं त्या आकड्याचं काय करावं? खोडावा, लपवावा, की बापासमोर वही ठेवावी? ती बारा वर्षांची आहे आणि बाप तिचा लाडका आहे. तो रात्री तिच्या पुस्तकांना कव्हर घालून देतो, हे तूच लिहिलंयस. दोन्ही खरं असू दे. धाकट्याला यातलं काही कळत नाही, तो शेजारी बसून गूळ खातो आणि पासष्टची बढाई मारतो. विनोद त्याच्याकडे चालू राहील, फक्त आता तो ऐकणारी थोरली बदललेली असेल.

शेवटी बापाला तडीपार करायचं तुझ्या आराखड्यात आहे. त्याची घाई करू नकोस. हे वहीचं प्रकरण नीट उतरलं की शेवट काय होतो ते थोरलीच ठरवेल, तुझा आराखडा तेव्हा बदलला तर बदलू दे. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत घरी ये आणि तेवढं एक प्रकरण घेऊन ये. बाकीची मागाहून पाहू.

तुझा,
सर