रनवे २७, वारा ३१० वरून २० नॉट, गस्ट ३०: क्रॉसविंड किती, हेडविंड किती?

तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. रनवेच्या नंबरापुढे शून्य लावा: २७ म्हणजे साधारण २७० अंश. वारा ३१०. फरक ४०. वाऱ्याचा आकडा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा, त्यामुळे हा तुमच्या उजवीकडून येणार.

क्रॉसविंड, म्हणजे रनवेला आडवा येणारा वारा, हा वेग गुणिले कोनाचा साइन: २० × ०.६४, म्हणजे १३ नॉट. हेडविंडला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याला, कोसाइन: २० × ०.७७, म्हणजे १५. बेरीज २० येत नाही म्हणून गोंधळू नका; वारा हा कर्ण आहे, हे दोघे काटकोनाच्या बाजू.

आता तुमचा खरा प्रश्न, उतरताना साइन काढत कोण बसतं? कोणीच नाही. फरकाचे अंश मिनिटं समजायची. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, तर क्रॉसविंड वाऱ्याच्या पाव. ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० आणि पुढे अख्खा वारा धरायचा. तुमची ४० मिनिटं म्हणजे दोन तृतीयांश: १३ नॉट आणि वर थोडं. जमलं.

हेडविंडसाठी काही जण ९० मधून कोन वजा करून हीच युक्ती वापरतात. इथे ५० मिनिटं, उत्तर जवळजवळ १७, खरा १५. क्रॉसविंड थोडा फुगला तर आपण जास्त सावध होतो. हेडविंड फुगला तर रनवे पुरेल असं उगाच वाटतं. म्हणून हेडविंड मी तक्त्यातूनच घेतो.

शिकत असताना असंच १३ काढून मी खुशीत होतो. इन्स्ट्रक्टरांनी एवढंच विचारलं, "आणि गस्ट कुठे गेला?" गस्ट म्हणजे वाऱ्याचा अचानक येणारा जोरदार झोत. तो ३० धरला की क्रॉसविंड १९. सेसना १७२एस या छोट्या विमानाच्या हँडबुकात क्रॉसविंडसाठी १५ नॉट दिलेत. ती मर्यादा नाही, चाचणीत करून दाखवलेला आकडा आहे. पण शिकाऊ माणसाने त्याच्यापलीकडे जायचं कारण नाही. हेडविंड काढताना मात्र गस्ट सोडून द्या, नेमका टेकताना तो असेलच असं नाही.

टॉवर वारा मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासून) सांगतो, रनवेचा नंबरही सहसा मॅग्नेटिक, म्हणून सरळ वजाबाकी चालते. मेटारमधली, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातली, दिशा ट्रू (नकाशाच्या उत्तरेपासून) असते, तिथे आधी व्हेरिएशन, म्हणजे या दोन उत्तरांमधला फरक, लावा.

कोन ९० च्या पुढे गेला की कोसाइन उणे येतो. ते चिन्ह खोडू नका, तो टेलविंड, म्हणजे मागून येणारा वारा आहे. तीच पट्टी उलट दिशेने, म्हणजे रनवे ०९, मिळतो का विचारा.