टेकडीवरही तीच तुकडी

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

निकोबारच्या शाळेसाठी केलेल्या आराखड्याच्या तुझ्या दोन्ही फाइली वाचल्या. त्सुनामीच्या फाइलीत लिहिलंस, सगळ्या मुलांना एका जागी गोळा करा. साथीच्या फाइलीत लिहिलंस, मुलांना गोळा होऊ देऊ नका. आणि मला विचारतेस, निकोबारच्या मुख्याध्यापकांनी यातली कोणती मानायची? पोरी, लाट आणि साथ एकाच शाळेवर येणार आहेत. लेकरं तीच, शिक्षक तेच. शाळा एक, तर वही एक. दोन्ही फाइली बाजूला ठेव.

‘दोन्हींत योग्य तो समन्वय साधावा’ हे तुझं वाक्य मला सगळ्यात खटकलं. कुणी साधायचा? जमीन हलत असताना?

साथीत शाळा काय करते ते डोळ्यांपुढे आण. ताप तपासायला सोपं म्हणून एकच फाटक उघडं ठेवते आणि मागच्याला कुलूप लावते. टेकडीची वाट असते मागच्या फाटकातून. बाकं लांब लांब मांडली की उरलेली व्हरांड्यात रचली जातात, आणि पळायचा रस्ता तिथेच बंद होतो. मुलं दिवसाआड येतात, म्हणून पटावर १२० आणि शाळेत ६०. वर गेल्यावर हरवलं कोण आणि आज आलंच नव्हतं कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. तापाचं लेकरू विलगीकरणाच्या खोलीत झोपलेलं असतं आणि वर्गाच्या हजेरीत ते गैरहजर असतं. किल्ली ज्या गुरुजींकडे, ते घरी क्वारंटाइन. गर्दी नको म्हणून सराव बंद, त्यामुळे पहिली-दुसरीच्या लेकरांनी टेकडी कधी चढलेलीच नसते. यातला एकेक निर्णय काळजीपोटीच घेतलेला असतो. पण साथीचा आराखडा लिहिणाऱ्यानं लाटेचा आराखडा उघडून पाहिलेला नसतो. म्हणून म्हणतो, वही एक.

सुरुवात तुकडीपासून कर. पट १२० असेल तर बारा-बारांच्या दहा तुकड्या. त्या इयत्तेनुसार नको, वस्तीनुसार कर. एका वस्तीतली सख्खी-चुलत भावंडं घरी एकाच हवेत झोपतात; शाळेत त्यांना लांब बसवून संसर्ग थांबत नाही. त्यांची एक तुकडी केली तर आजार निदान त्या बारांपुरता अडवता येतो. परिपाठाला, जेवणाला, हात धुवायला तीच तुकडी. वर्गात इयत्तेप्रमाणे बसतील तेव्हाही एका तुकडीची लेकरं शेजारी. जमीन हलली की पळायला तीच: सातवीचं पोर पुढे, लहानी मधे, सहावीचं मागे. टेकडीवर बसायलाही तीच, दोन तुकड्यांत तीन मीटर मोकळे सोडून. जागा चुना लावलेल्या दगडांनी आधीच आखून ठेव.

वस्तीचा हट्ट का धरतो? निकोबारवर त्सुनामी आली त्या २६ डिसेंबर २००४ ला रविवार होता, शाळा बंद होत्या. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हलली. शाळा सुटली की वर्गाची तुकडी मोडते. वस्तीची तुकडी घरीही एकत्रच असते आणि घराजवळच्या उंचवट्याकडे एकत्रच पळू शकते. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण घराघरांतून सांगितली जात होती. २००४ मध्ये तिथल्या सुमारे ७८,००० माणसांपैकी सात गेली. ते शहाणपण कुठल्या कपाटात नव्हतं.

तुकडीची वही रोज सकाळी भरायची. खुणा तीनच: आला, आला नाही, विलगीकरणात. पुढे एक रकाना गोवर-रुबेला लसीच्या दोन डोसांचा. वही प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खिळ्याला. प्रत्येक कामाला तीन नावं, प्रत्येक कुलपाच्या तीन किल्ल्या, कारण साथ आधी मोठी माणसंच घरी बसवते. आणि सराव करताना मुद्दाम निम्मे शिक्षक बाजूला उभे कर. सगळे हजर असताना केलेला सराव मी सराव मानत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, आधी काय. जमीन हलत असेपर्यंत बाकाखाली, डोकं झाकून. हलणं वीस सेकंदांहून जास्त टिकलं, किंवा उभं राहणं कठीण झालं, तर थांबताक्षणी वर. भोंग्याची वाट नाही. हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राचा इशारा येईलच, पण भूकंप जवळचा असेल तर जमीन हाच पहिला इशारा. मास्क शोधायचा नाही, अंतर मोजायचं नाही, आईबापांची वाट पाहायची नाही. उघड्यावर काही मिनिटं शेजारी पळण्याचा धोका आणि लाटेचा धोका यांची तुलनाच होत नाही. वर पोचून मोजणी पूर्ण झाली की त्या क्षणापासून साथीचे नियम सुरू: तुकडीनं आपल्या दगडांत बसायचं, मास्क लावायचा, हात धुवायचे. हा बदल शिट्टीनं कर. एक लांब शिट्टी म्हणजे वर, तीन आखूड म्हणजे आपापल्या जागी. हे दोन्ही एकाच पानावर असलं पाहिजे.

जपानात ११ मार्च २०११ ला ओकावा प्राथमिक शाळेच्या मागेच टेकडी होती. भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानात थांबली, कारण कुठे जायचं ते मोठ्यांचं ठरत नव्हतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. त्याच दिवशी जपानच्याच कामाइशी शहरात शाळेत असलेली जवळपास ३,००० मुलं वाचली. कुणाच्या हुकमासाठी न थांबता उंचावर पळायचं, हे त्यांना आधीच शिकवलं होतं. तुझ्या आराखड्यात ‘मुख्याध्यापकांच्या आदेशानंतर’ असं तीनदा आलंय. तिन्ही खोड.

विलगीकरणाची खोली फाटकाजवळ नको. पालकांना सोयीची म्हणून ती तिथे करतात. टेकडीच्या बाजूच्या दाराशी कर, दोन समोरासमोरच्या खिडक्यांची. त्या लेकरासोबत एक नेमलेलं मोठं माणूस. वर त्यांची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

टेकडीवरचं सामान आधीच वर हवं; पळताना कुणी काही उचलत नाही. पिण्याला आणि हात धुवायला माणशी दिवसाला तीन लिटर धर. १२० लेकरं आणि ८ मोठी माणसं, म्हणजे ३८४ लिटर, वीस लिटरचे वीस जार. जारच्या पाण्याचा हिशोब लातूरच्या पोरीला मी शिकवायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आपण प्यायलोय. जार सावलीत ठेव, दर सत्राला बदल. तोटीची बादली, साबण, ओआरएस, ताडपत्री, दोरी. चराचे तीन संडास, पाण्यापासून तीस मीटर लांब. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, अर्धा तास थांब, मग पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायची ओटी टेस्ट. समुद्राच्या दमट हवेत तिचा जोर लवकर उतरतो, म्हणून लहान घट्ट डब्यांत ठेव आणि नुसत्या वासावर विश्वास ठेवू नकोस. गढूळ पाणी आधी फडक्यानं गाळ. आणि लाटेनं विहिरीत खारं पाणी शिरलं असेल तर टीसीएलनं ते गोडं होत नाही. मोटर लावून उपसा करत राहिलीस तर खालचं खारं पाणी आणखी वर ओढलं जाईल.

पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. अधिकृत निरोप येईपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. रात्रही काढावी लागेल. तिथूनच जुलाब, खोकला, गोवर सुरू होतात. टोंगात १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटून लाट आली तेव्हा देशात कोरोना जवळजवळ नव्हता. मदतीचं सामान माणसांचा संपर्क टाळून उतरवलं, ७२ तास तसंच ठेवलं. तरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला संसर्ग निघाला आणि टाळेबंदी लागली. सामोआत २००९ ला त्सुनामी आणि २०१९ ला गोवर. गोवरात ८३ जीव गेले, बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं. लसीचा रकाना लाटेच्या वहीत कशाला, असं कुणी विचारलं तर हे सांग.

काही बेटांवर टेकडीच नसते. मालदीवची जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच आहे. तिथे वरचा मजला हीच टेकडी. पण ती इमारत आधी भूकंपात टिकली पाहिजे. दगडमातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलं की काय होतं, हे किल्लारीनं आपल्याला दाखवलंय. वरच्या मजल्यावर खिडक्या उघडणाऱ्या हव्यात, जिने दोन हवेत.

मीही वर्षानुवर्षं भूकंपाचा आराखडा वेगळा आणि साथीचा वेगळा लिहीत आलो. दोन खाती, दोन नमुने, दोन सह्या. तेव्हा तेच शक्य होतं, असं स्वतःला अजून सांगतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण २०२० मध्ये आपल्याकडच्या शाळाच क्वारंटाइन सेंटर झाल्या आणि भूकंपाचा कागद आतल्या कपाटात कुलूपबंद राहिला. त्या महिन्यांत जमीन हलली असती तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही. मला हट्टी म्हण, चालेल. खात्यांना दोन प्रती लागत असतील तर त्याच वहीच्या दोन झेरॉक्स दे.

आता एक काम कर. पहिलीतलं सगळ्यात हळू चालणारं लेकरू घे आणि मागच्या फाटकापासून टेकडीपर्यंत चाल. मिनिटं त्याची मोज, तुझी नकोत. पाऊस पडून वाटेत चिखल झाला की पुन्हा मोज. दोन्ही आकडे कळव, मग वहीचं पहिलं पान लिहू.

तुझा,
गुरुजी