रिव्हर्स लॉजिस्टिक्समुळे पुरवठा साखळी खरंच शाश्वत होते, की ती नुसती जाहिरात असते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणजे काय, आणि त्याच्या नावावर कंपन्या पर्यावरणाचे जे दावे करतात त्यात तथ्य किती. मी परत आलेल्या मालाच्या नियोजनात काम करतो. पहिला भाग थोडक्यात सांगतो, कारण खरी अडचण दुसऱ्यात आहे.

कारखान्यातून निघालेला माल ग्राहकापर्यंत पोहोचवणं हे नेहमीचं लॉजिस्टिक्स. त्याच्या उलट दिशेने जे काही येतं, म्हणजे मापात न बसलेला शर्ट, वॉरंटीतला बिघडलेला फोन, न खपलेला साठा, रिकामे क्रेट, आयुष्य संपलेली बॅटरी, ते गोळा करायचं, तपासायचं, त्यातून जेवढी किंमत परत मिळेल तेवढी मिळवायची आणि उरलेल्याची नीट विल्हेवाट लावायची, हे रिव्हर्स लॉजिस्टिक्स. डेल रॉजर्स आणि रोनाल्ड टिबेन-लेम्बके या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेली व्याख्या आजही सगळीकडे वापरली जाते. तिचा गाभा एवढाच.

उलट दिशेचं काम मात्र सरळ दिशेपेक्षा बरंच अवघड असतं. जाताना एकाच ठिकाणाहून एकसारखा, खोक्यात बंद केलेला, मोजलेला माल निघतो. येताना हजार ठिकाणांहून एकेक नग येतो. कधी येईल, किती येतील, कुठल्या अवस्थेत असतील, काहीच आधी कळत नाही. कुणी चार्जर ठेवून घेतलेला असतो, कुणी दुसऱ्याच वस्तूच्या खोक्यात भरून पाठवलेलं असतं. म्हणून बहुतेक कंपन्यांत रिटर्न विभाग हा शेवटचा कोपरा असतो. जागा कमी, माणसं कमी, आणि वरिष्ठांचं लक्ष त्याहून कमी. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण पर्यावरणाच्या दृष्टीने मोठे निर्णय याच कोपऱ्यात घेतले जातात.

आता मुख्य मुद्दा. वस्तू परत आणली म्हणजे पर्यावरणाचं भलं झालं, असं अजिबात नाही. परतीचा प्रवास हा जास्तीचा प्रवास आहे. त्याला इंधन लागतं, पॅकिंग लागतं, गोदाम लागतं. फायदा होतो तो परत आलेल्या वस्तूमुळे कुठेतरी एखादी नवी वस्तू किंवा नवा सुटा भाग बनवणं टळलं, खाणीतून नवा धातू काढणं टळलं, किंवा एखादं विषारी द्रव्य माती-हवेत जाण्यापासून वाचलं तर. यातलं काहीच झालं नसेल, तर आपण कचऱ्याला एक सफर घडवून आणली, इतकंच.

आणि हे ठरतं तपासणीच्या टेबलावर. नग आला की कुणीतरी तो उघडून बघतो आणि त्याची प्रत ठरवतो. सील न फुटलेला असेल तर थेट विक्रीला. उघडलेला पण चांगला असेल तर साफ करून, पुन्हा पॅक करून कमी किमतीला. बिघडलेला असेल तर दुरुस्ती, तेही परवडत नसेल तर चांगले भाग काढून घ्यायचे, आणि अगदी शेवटी रिसायकलिंग. हा क्रम महत्त्वाचा आहे. फोनसारख्या वस्तूच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग ती बनवतानाच होऊन गेलेला असतो. चालता फोन दुसऱ्या माणसाच्या हातात गेला तर ती सगळी मेहनत वाचते. तोच फोन वितळवला तर सोनं, तांबं असे थोडे धातू हाती लागतात आणि बाकी सगळं वाया जातं. तरीही अहवालात दोन्ही गोष्टी ‘परत मिळवलेलं साहित्य’ या एकाच रकान्यात दिसतात.

शिवाय वेळ. अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडलं होतं की संगणकासारख्या वस्तूचं मूल्य आठवड्याला एक टक्क्याहून अधिक वेगाने घसरू शकतं. परत आलेला लॅपटॉप गोदामात दोन-तीन महिने पडून राहिला तर तो बिघडत नाही, पण दुरुस्त करून विकण्याजोगा उरत नाही, कारण तोवर बाजारात पुढचं मॉडेल आलेलं असतं. म्हणजे चांगली वस्तू केवळ वाट बघण्यातच भंगार होते. गोळा करण्याचा खर्च वाचवण्यासाठी सगळे रिटर्न एका लांबच्या मोठ्या केंद्रात पाठवायचे आणि तिथे रांगेत ठेवायचे, ही पद्धत टिकाऊ, साध्या वस्तूंना चालते. इलेक्ट्रॉनिक्सला ती मारक ठरते. तिथे पहिली चाचणी दुकानात किंवा जवळच्या केंद्रातच व्हायला हवी. परत आलेल्या नगांतले पुष्कळसे मुळात बिघडलेलेच नसतात. ग्राहकाला सेटिंग जमलेलं नसतं. ते पाच मिनिटांत ओळखता आले तर त्यांचा पुढचा सगळा प्रवासच वाचतो.

जिथे हे चक्र खरोखर चालतं तिथे एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे वस्तू परत करण्यात ग्राहकाचा रोकडा फायदा. कॅटरपिलर १९७० च्या दशकापासून जुनी इंजिनं आणि त्यांचे भाग घेऊन, उघडून, झिजलेलं बदलून पुन्हा नव्याच्या तोडीचे करून विकते. जुना भाग, ज्याला या धंद्यात ‘कोअर’ म्हणतात, परत दिला की ग्राहकाची अनामत परत मिळते. रेनो ही कंपनी फ्रान्समध्ये हेच काम १९४९ पासून करत आली आहे. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या-कॅनवर सक्तीची अनामत आहे आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक परत येतात. परत आलेला कॅन वितळवून ॲल्युमिनियम मिळवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. नुसत्या आवाहनांनी इतकं काही परत येताना मी पाहिलेलं नाही.

उलट उदाहरण ई-कचऱ्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेला कपाटांत पडून आहे, कचराभूमीत गेला आहे, किंवा तारा जाळून तांबं काढणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांतून गेला आहे. इथे सक्तीशिवाय मार्ग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यायची’ हे तत्त्व थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये स्वीडनमध्ये मांडलं. आज युरोप, जपान, भारत अशा अनेक ठिकाणच्या कायद्यांचा तो पाया आहे.

सगळ्याच वस्तू जगवाव्यात असंही नाही. जुना, वीज खाणारा फ्रिज दुरुस्त करून आणखी दहा वर्षं चालवण्यात बऱ्याचदा तोटाच असतो, कारण फ्रिजचा मोठा भार तो वापरताना पडतो. पण तो परत आणणं मात्र अत्यंत गरजेचं. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी-१२ वायूचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात दहा हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. नळी कापून वायू हवेत सोडला की पुढे लोखंड कितीही नीट रिसायकल केलं तरी त्याची भरपाई होत नाही.

वाहतुकीचं थोडक्यात. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून रिटर्न आणले तर वाढीव इंधन नाममात्र लागतं. एकेक नग उचलायला घरोघरी वेगळी गाडी पाठवली तर गणित लगेच बिघडतं. पुन्हापुन्हा वापरायचे क्रेट आणि पॅलेट पुरेशा फेऱ्या करतात तेव्हाच पुठ्ठ्यापेक्षा बरे ठरतात, आणि हरवण्याचं प्रमाण वाढलं की तो फायदा जातो. फुगलेल्या किंवा खराब लिथियम बॅटऱ्यांना आग लागण्याचा धोका असतो. त्यांची वेगळी व्यवस्था नसेल तर संकलन सुरूच करू नये.

सगळ्यात चांगला रिटर्न म्हणजे जो झालाच नाही तो. कपड्यांची मापं नीट दिली, फोटो खरे टाकले, मोफत परतीचं आमिष जरा आवरतं घेतलं, तर हे सगळं कामच कमी होतं. विक्री विभागाला हे आवडत नाही, हे मला रोज दिसतं. परत आलेला चांगला माल ‘तपासणं परवडत नाही’ म्हणून नष्ट करण्याची सवयही याच हिशेबातून येते. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न खपलेला बिगर-खाद्य माल नष्ट करण्यावर बंदी आणली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये कपडे आणि पादत्राणांसाठी तसाच नियम केला, तो यामुळेच.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी कंपनी ‘आम्ही इतके टन माल परत घेतला’ असं सांगेल तेव्हा तिला तीन गोष्टी विचारा. त्यातला किती टक्के माल वस्तू म्हणूनच पुन्हा विकला गेला? परत आल्यापासून निर्णय व्हायला सरासरी किती दिवस लागले? आणि रिसायकलिंगला दिलेल्या मालाचं वजन तुमच्या दारात केलं, की तो जिथे फोडला जातो तिथे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडे फक्त आपल्या गेटपासचं, म्हणजे माल आपल्या दारातून बाहेर गेल्याच्या चिठ्ठीचं, उत्तर असतं. तसं असेल तर प्रक्रिया केंद्राची पावती मागा.