फॉरमॅट करू नका, आधी तारीख बघा

बार्शीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरून जीएसटीची रिटर्न भरून देण्याचं आणि भाषांतराचं काम करतात. २०२३च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, पुण्याच्या दुकानातून ५८,९९० रुपयांचा लॅपटॉप घेतला, वॉरंटी एक वर्षाची. वर्षभर बिनतक्रार चालला. ९ ऑक्टोबर २०२४ला विंडोज ११चं २४एच२ हे मोठं अपडेट आपोआप आलं, यांनी ते बसवलं आणि दोन दिवसांनी पहिला निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्यावर दिसणारा त्रुटीचा पडदा, आला. तेव्हापासून लॅपटॉप तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला, तीनदा ‘ठीक’ होऊन आला आणि तीनदा बिघडला. कंपनी म्हणते, दोष विंडोजचा. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं की खरेदीला दोन वर्षं उलटून गेली, आता ग्राहक आयोगात काही होणार नाही. पत्राच्या शेवटच्या ओळीत ताई लिहितात, ‘सोमवारी लॅपटॉप गल्लीतल्या दुकानात पुन्हा फॉरमॅटला दिला आहे.’

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी त्या दुकानात फोन करा आणि फॉरमॅट थांबवा. लॅपटॉप आहे तसा घरी आणा.

अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा फोन, कुणाचा टीव्ही. अपडेट झालं, यंत्र बिघडलं, आता जबाबदार कोण? ग्राहक म्हणजे काय, सदोष वस्तू म्हणजे काय, हे मी इथे सांगत बसणार नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यावर लागणार नाही. तो लागेल एका तारखेवर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चं कलम ६९ म्हणतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कारण घडल्यापासून. खरेदीपासून नव्हे. त्या गृहस्थांनी खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षं मोजली आणि तुम्ही हात टेकले. लॅपटॉप दसऱ्याला चांगला चालत होता, तेव्हा तक्रार करायला कारणच नव्हतं. कारण घडलं ते ऑक्टोबर २०२४मध्ये. पहिला निळा पडदा ११ ऑक्टोबरला, सर्व्हिस सेंटरची पहिली जॉबशीट, म्हणजे यंत्र दुरुस्तीला घेतल्याची पावती, १९ ऑक्टोबरला. वॉरंटी संपायला तेव्हा चार दिवस बाकी होते. या चार दिवसांवर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. दोष वॉरंटीत दिसला, वॉरंटीत कंपनीच्या कानावर घातला आणि आजपर्यंत गेला नाही. त्यानंतर वॉरंटी संपली की नाही याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

म्हणजे मुदत ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. मी सगळ्यात आधीची तारीख धरतो, ११ ऑक्टोबर. त्या हिशेबाने १० ऑक्टोबर २०२६ला शनिवार आहे, म्हणून शुक्रवार ९ तारखेच्या पुढे जायचंच नाही. खरं तर तिथवरही थांबू नका. हे वाचल्यापासून पंधरा दिवसांत तक्रार दाखल करा.

आता तुमच्यावर रागावतो, आणि मनापासून रागावतो. तिन्ही दुरुस्त्या फसल्यावर तुम्ही काय केलंत? ईमेल. पत्रासोबत तुम्ही अकरा ईमेल पाठवल्या आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर तेच आहे: आपली तक्रार संबंधित टीमकडे पाठवली आहे. शेवटचं उत्तर जानेवारी २०२६चं. तुम्ही लिहिता, ‘कंपनीने नाही म्हटलेलं नाही, म्हणून वाट बघते आहे.’ ताई, हेच वाट बघणं भल्याभल्या तक्रारींच्या मुळावर येतं. तुम्ही ईमेल पाठवली म्हणून मुदत थांबत नाही आणि कंपनीने गोड उत्तर दिलं म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करा, तिथे कधीकधी आठवड्यात तोडगा निघतो. पण तिथे नोंदवलेली तक्रार ही आयोगातली तक्रार नव्हे. वकिलाची नोटीसही मुदत वाढवत नाही. नोटीस देणं या कायद्यात सक्तीचं नाही. द्यायची असेल तर पंधरा दिवसांची द्या आणि उत्तराची वाट न बघता तक्रार लिहायला घ्या.

प्रत्येक फसलेल्या दुरुस्तीने नवं कारण घडतं, असा युक्तिवाद करता येतो. काही प्रकरणांत तो मान्य झाला आहे, काहींत नाही. मुदत हातात असताना त्या युक्तिवादावर विसंबून राहायची मला गरज दिसत नाही. मुदत गेली तर कलम ६९मध्येच विलंब माफीची सोय आहे. पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, ‘कंपनीच्या उत्तराची वाट बघत होते’ हे कारण कितपत चालेल याचा भरवसा मी देणार नाही. आणि समोरचा गप्प बसला तर चालून जाईल, असंही समजू नका. भारतीय स्टेट बँकेच्या एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या याच दोन वर्षांच्या तरतुदीबद्दल सांगितलं आहे की मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतःहून तपासलाच पाहिजे.

तारखेचा पुरावा कुठे आहे? इथे दुसरा हलगर्जीपणा. पहिली जॉबशीट तुम्ही हरवली आहे. पण त्या दिवशी सर्व्हिस सेंटरकडून आलेला एसएमएस तुमच्या फोनमध्ये आहे आणि त्यात जॉब नंबर आहे. त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा, फोन बदलू नका, तो मेसेज पुसू नका. कंपनीला एकच ओळीची ईमेल टाका: या सिरियल नंबरच्या लॅपटॉपची संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी पाठवा. पाठवली तर उत्तम. नाही पाठवली तर ती ईमेलच तक्रारीला जोडू आणि कागद हजर करायला लावण्याचा अर्ज आयोगात देऊ. खरेदीचं बिल थर्मल कागदावर आहे असं तुमच्या फोटोवरून दिसतं. दुकानाचं नाव वाचता येतंय, तारीख जवळजवळ उडाली आहे. दुकानदाराकडून शिक्क्याची नक्कल घ्या आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडा. बिल तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, त्यावर जीएसटी क्रमांक घातलेला नाही, हे बरं झालं. ‘व्यवसायासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप तरीही येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे आणि व्यावसायिक हेतू सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटलं आहे. त्याची फार काळजी करू नका.

आता कंपनीचा बचाव, ‘दोष विंडोजचा, आम्ही फक्त हार्डवेअरची हमी देतो’. हा बचाव त्यांच्याच कागदांनी मोडतो. १९ ऑक्टोबरला त्यांनी काय केलं? तुम्ही लिहिता, ‘नो इश्यू फाउंड, ओएस रिइन्स्टॉल्ड’. म्हणजे तुमची सगळी सॉफ्टवेअर त्यांनी पुसली आणि स्वतःच्या हाताने कोरी विंडोज बसवून दिली. २६ ऑक्टोबरला लॅपटॉप घरी आला आणि ४ नोव्हेंबरला, नऊ दिवसांत, तोच निळा पडदा, तोच कोड. तुम्ही मोबाइलवर काढलेल्या फोटोत तो स्पष्ट वाचता येतो: डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपत्रकात हा कोड गंभीर हार्डवेअर त्रुटीचा निदर्शक म्हणून दिला आहे. प्रोसेसर, रॅम, बोर्ड, कधी फर्मवेअर किंवा ड्रायव्हर. एका फोटोवरून बोर्डच गेला असं मी म्हणणार नाही, ते तज्ज्ञाने सांगायचं. पण ‘ग्राहकाने काहीतरी भलतं टाकलं’ हे म्हणण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली आहे.

त्याहून मोलाचा कागद म्हणजे २ डिसेंबर २०२४चं कोटेशन. वॉरंटी संपली, मदरबोर्ड बदलावा लागेल, २७,४०० रुपये. तुम्हाला त्या दिवशी हा कागद फाडून टाकावासा वाटला असेल. नाही फाडलात, चांगलं केलंत. सहा आठवड्यांपूर्वी ‘दोष नाही’ म्हणणारी कंपनी पैसे मागताना लेखी सांगते की दोष बोर्डात आहे. दोन्ही वेळचं लक्षण एकच. मग १९ ऑक्टोबरला, वॉरंटीत, बोर्ड का तपासला नाही? तक्रारीचा मुख्य परिच्छेद हाच असेल, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

म्हणूनच फॉरमॅट नको. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलंत की दिवसवार आलेख उघडतो. ज्या दिवशी यंत्र कोसळलं त्या दिवसाखाली लाल फुली असते. जितका मागचा इतिहास दिसेल तितका पडद्याचे फोटो काढून ठेवा. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनिडंप नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या प्रत्येक फाइलच्या नावात कोसळल्याची तारीख असते. ते फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर घ्या. गल्लीतला मुलगा एका फॉरमॅटमध्ये हे सगळं पुसून टाकेल, आणि मग आयोगापुढे तुमचा शब्द आणि कंपनीचा शब्द एवढंच उरेल. या फोटो-फाइलींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडू. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण कागद पुरा असलेला बरा. २४एच२ आल्यावर काही मॉडेलांवर अडचणी आल्या म्हणून मायक्रोसॉफ्टने ते अपडेट काही काळ रोखून धरलं होतं. अपडेटमधल्या ज्ञात अडचणींची यादी देणाऱ्या त्यांच्या रिलीज हेल्थ पानावर तुमच्या यंत्रातल्या एखाद्या भागाचा उल्लेख सापडला तर तेही छापून घ्या. सापडला नाही तर काही बिघडत नाही.

वस्तूची चाचणी लागेल का? बहुधा लागेल. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. लॅपटॉपच्या बाबतीत योग्य प्रयोगशाळा शोधण्यातच वेळ जातो, म्हणून मी आधीच एखाद्या तंत्रनिकेतनातल्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जाणकाराचा अहवाल शपथपत्रासह घ्या म्हणेन. तो किती ग्राह्य धरतील हे आयोगावर अवलंबून आहे.

तक्रार पुण्यात करायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सोलापूर जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून दाखल करता येते. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, तिघे: लॅपटॉपची कंपनी, दुकानदार, सर्व्हिस सेंटर. मायक्रोसॉफ्टला सुरुवातीला मी ओढणार नाही. विंडोज लॅपटॉपसोबतच विकली गेली आहे, विकणाऱ्याने एकच वस्तू विकली. कंपनीने जबाबात त्यांच्याकडे बोट दाखवलं तर तेव्हा विचार करू.

एक चूक टाळा. इंटरनेटवर वाचून बरेच जण कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाखाली, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईसाठी, तक्रार लिहितात. त्यासाठी कायद्यात ‘हानी’ची जी व्याख्या आहे, तीत खुद्द वस्तूला झालेलं नुकसान आणि आर्थिक तोटा धरलेला नाही. तुमची तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी, एवढ्यावरच उभी करा. मागणी: किंमत व्याजासह परत, नाहीतर त्याच दर्जाचा नवा लॅपटॉप, शिवाय त्रास आणि खर्चापोटी माफक रक्कम. पाच लाख मानसिक त्रास लिहू नका, खरी मागणीही त्यामुळे फुगवलेली वाटू लागते. गेलेल्या डेटाबद्दल मला फारशी आशा नाही. बॅकअप तुम्ही ठेवला नव्हता आणि जॉबशीटवर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ या ओळीखाली बहुतेक सेंटरं सही घेतात. अशिलांची दोन वर्षांची कागदपत्रं एकाच यंत्रात ठेवायची आणि प्रतही नाही, याला काय म्हणू?

निकाल कधी लागेल? कायदा म्हणतो तीन महिन्यांत, चाचणी असेल तर पाच. माझ्या कपाटात चौथ्या वर्षात गेलेल्या तक्रारी आहेत, फ्रिजच्या आणि मिक्सरच्या. कायद्यात तहकुबीला लेखी कारण लागतं, प्रत्यक्षात ‘वकील साहेब बाहेरगावी’ एवढ्यावर पुढची तारीख पडते. तीन महिन्यांचं वचन देऊन माणसाला तीन वर्षं येरझाऱ्या घालायला लावणं हा अन्याय आहे आणि तो आम्ही सगळे रोज बघतो. एक गोष्ट मात्र हातात आहे. सामनेवाल्यांनी तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवस वाढवून, लेखी जबाब द्यायचा असतो. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवलं आहे. नोटीस त्यांना मिळाल्याची तारीख वहीत लिहा, पंचेचाळीस दिवस मोजा. सेहेचाळिसाव्या दिवशी जबाब नसेल तर त्यांचा जबाब देण्याचा हक्क संपल्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. हा अर्ज तक्रारदाराने दिला नाही तर कुणीच देत नाही.

आणि सोलापूरला पहिल्या तारखेला जाल तेव्हा लॅपटॉप चार्जरसकट घेऊन जा. तो आयोगासमोर कोसळला तर वेगळ्या शब्दांची गरज पडणार नाही, आणि नाही कोसळला तरी त्या लाल फुल्या त्यात आहेत.