आजोबांची कट्यार

प्रिय मनू,

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये काचेआडच्या कट्यारी पाहिल्यापासून तू विचारतोयस, की माणसं मारायच्या वस्तूला आपण गावी हळदकुंकू का वाहतो? आणि आजोबांनी घरची कट्यार मामाला न देता मला का दिली? फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

ती मारण्यासाठीच घडवलेली आहे, हे खरं. मूठ आडवी, दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये. पकडली की पातं मनगटाच्या रेषेत येतं आणि ठोशाबरोबर खांद्याचं सगळं बळ टोकावर जातं. आपल्या कट्यारीचं टोक बाकी पात्यापेक्षा जाड आहे, चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून.

आपले पूर्वज शिलेदार होते, असं अप्पा, म्हणजे तुझे आजोबा, सांगायचे. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचं घेऊन येई. त्यामुळे मोहीम संपली की हत्यार घरी परत यायचं आणि पुढच्या पिढीकडे जायचं. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, माणसं शेतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी, आश्विन शुद्ध नवमीला, हत्यारं काढून घासूनपुसून पुजायची. हीच खंडेनवमी. चार महिने दमट हवेत म्यानात पडलेलं पातं गंजलंय का, हेही त्यात पाहून होई.

पुढे 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. तेव्हा घरातल्या बायकांनी कट्यार ज्वारीच्या कणगीत लपवली म्हणे. लढाया केव्हाच संपल्या होत्या, पूजा मात्र थांबली नाही. माझ्या लहानपणी पाटावर कट्यारीशेजारी विळा, कोयता, आजीची विळी आणि अप्पांचे पान्हे असत. अप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ज्याच्या ज्याच्या जिवावर घर चाललं, त्या सगळ्याला झेंडूचं फूल, आणि पान्ह्याचा मान कट्यारीपेक्षा तसूभरही कमी नाही.

अप्पांचे नियम कडक होते. ओलं कुंकू मुठीला लावायचं, पात्याला नाही. चिंच-लिंबाने पितळ उजळतं, पोलादाला मात्र ते खातं, म्हणून तेही नाही. जुन्या धोतराचं मऊ फडकं, त्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि हात मुठीकडून टोकाकडे. उलटा फिरवला की ते काही न बोलता मनगट धरायचे. मुलीने हत्याराला हात लावू नये, असं एक आत्या म्हणाली, त्याच वर्षी त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. पुढे दरवर्षी ते काम माझंच झालं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच ठाऊक आहे.

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या कायद्याप्रमाणे भारताबाहेर नेता येत नाही. म्हणून ती माझी असूनही मामाकडे वाईलाच राहते, आणि मला ते मनापासून पटतं. तिथल्या पाटावरच ती शोभते.

पुढच्या खंडेनवमीला सुट्टी जुळली तर आपण जाऊ. कट्यारीला हात लावायचा नसेल तर नको लावूस, जबरदस्ती नाही. पण पाटावर तुझीही एक वस्तू ठेवायची आहे, जिच्यावाचून तुझं चालत नाही अशी. काय आणायचं ते आत्तापासून ठरव आणि मला कळव.

तुझी,
आई