आधी वापसा बघायला शिका, मग गाडी घाला

जालन्याच्या भाऊंनी विचारलंय: नवी जिमनी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर) घेतली आहे, संभाजीनगरच्या ऑफरोडिंग ग्रुपमध्ये यायचंय, पण गाडी कंपनीतून आली तशीच आहे. मोठे टायर, विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असं काही न लावता आलो तर लोक हसतील का? आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत चालेल का? मी या नादात दहा-बारा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हसणारे दोन-चार सगळीकडे असतात. पण गाडी रुतली म्हणून कुणी हसत नाही, सगळ्यांचीच रुतते. हसतात ते रुतल्यावर 'निघंल, निघंल' म्हणत रेस करत बसणाऱ्याला.

गाडीला आत्ता एक रुपयाही लावू नका. जिमनीला लो रेंज (हळू पण जास्त जोराचे गिअर) आहे, ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर आहे आणि वजन जेमतेम 1200 किलो. आमच्यातल्या जड गाड्या जिथे पोटावर बसतात तिथून ती हलकी असल्यानेच निघून जाते. शिवाय बदल करायचे तर कायदाही बघा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. एक पाऊस ग्रुपसोबत काढा, मग काय लावायचं ते तुम्हालाच कळेल. बहुतेक वेळा यादी निम्मी होते.

आता मुद्द्याचं. यूट्यूबवर दिसतो तो वाळवंटातला नाहीतर डोंगरातला ऑफरोड. आपल्याकडची परीक्षा काळ्या रानाची. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी मिळालं की तीच फुगून लोण्यासारखी होते. मुरमाड माळावर पाऊस पडून तासाभरात गाडी घालता येते. भारी रानात दोन दिवसांनीही येत नाही.

हे मी 2016 च्या सप्टेंबरात शिकलो. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, आणि मग पाऊस आला तो असा की थांबेचना. दोन दिवस उघडीप मिळाली तसा मी पाचोडच्या पुढे एका पाणंदीत शिरलो. वरची खपली वाळलेली, पांढुरकी दिसत होती. पन्नास फूट गेलो आणि खपली फुटली. टायरच्या नक्षीत गारा असा बसला की चारही चाकं गुळगुळीत लाडू झाली. मी शहाणपणाने आणखी रेस दिली आणि डिफरन्शियल (एक्सलच्या मध्ये असतो तो गोळा) मातीला टेकवला.

एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. उतरले, रस्त्याकडेची मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि खाली टाकला. गोळा तसाच राहिला, फुटला नाही. म्हणाले, "वापसा नाही अजून. आम्ही बैल घालीत नाही, तुम्ही गाडी कशी घातली?" वापसा म्हणजे पावसानंतर रान आत शिरून काम करण्याइतकं सुकणं; तो असता तर गोळा फुटला असता. मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी आधी चाकांपुढची माती माझ्याकडूनच उकरून घेतली, मगच टोचन (गाडी ओढायची साखळी) लावलं. तेही मी घाईत बंपरच्या ब्रॅकेटला अडकवलं होतं. गाडी निघाली, पण त्याआधी बंपर निघाला. तेव्हापासून खाली उतरून गोळा टाकून बघितल्याशिवाय मी काळ्या रानात चाक घालत नाही.

टोचनाचं नीट समजून घ्या, कारण माणसं गाडी उलटण्याला कमी आणि दोर तुटण्याला जास्त घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. ट्रॅक्टरची साखळी असेल तर हळूहळू ताण घेत ओढायचं, झटका अजिबात नाही. कायनेटिक दोर ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो, त्याला थोडा वेग चालतो. दोन्हींत गल्लत केली की साखळी तुटून काचेतून आत येते. टो हुक सोडून कुठेही अडकवायचं नाही. दोर ताणात असताना त्यावर जाड गोधडी टाकायची, आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करायचं. गावात हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, पोरं मोबाइल घेऊन पुढे येतातच.

बाकी चालवणं शिकवतील. स्टिअरिंगच्या आत अंगठे घालू नका, दगड लागला की चाक फिरतं आणि अंगठा जातो. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका आणि सरळ मागे या, चढावर गाडी वळवू नका. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. डांबरीवर आलात की फोर-एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) काढा. गोदावरीच्या पात्रात तर पायी फिरून आल्याशिवाय नाहीच, वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

ग्रुप कसा ओळखायचा? रानमालकाला आधी विचारतात का, सगळ्यात मागे एक जाणती गाडी ठेवतात का, आणि ड्राइव्ह संपेपर्यंत बाटली निघत नाही ना, एवढं बघा. तिसऱ्यात नापास असतील तर दुपारीच घरी निघा. पिकातून, बांधावरून गाडी घालणाऱ्यांसोबतही जाऊ नका. सोयाबीन उभं असताना एका चाकोरीचा हिशोब शेतकरी विसरत नाही. गौताळा आणि जायकवाडीचा काठ अभयारण्यात येतो, तिथे विषयच नको. पडीक दिसणाऱ्या माळावरही टिटवी उघड्यावर अंडी घालते. मळलेली वाट सोडू नका.

मुलाचं म्हणाल तर आणा, पण वहिनी किंवा घरचं दुसरं कुणी येणार असेल तरच. टोचन चालू असताना त्याचा हात धरून लांब उभं राहायला एक मोठं माणूस लागतं, आणि तुम्ही तर स्टिअरिंगवर असणार. खरं तर पहिल्या वेळी तुम्हीही दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसा, जिमनी बाहेर उभी राहू द्या.

सामान फार नको: हवेचा गेज, छोटा कंप्रेसर (वाळूत-दगडांत 18-20 पीएसआयवर आणायचं, परतताना पुन्हा भरायचं), दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), हातमोजे, पाच लिटर पाणी, फावडं. फावडं आखूड दांड्याचं घ्या, लांब दांड्याचं जिमनीच्या डिकीत मावत नाही. आमच्यातल्या एकाने आणलं होतं, परतीच्या वाटेवर गाडी जरा उसळली की दांडा बायकोच्या खांद्यावर.