डी.फार्मचं (फार्मसी डिप्लोमाचं) तीन महिन्यांचं ट्रेनिंग खरंच करावं, की सही-शिक्का घेतला तरी चालतं?

तू लिहिलंयस की दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली, आता ५०० तासांचं ट्रेनिंग राहिलंय, आणि ओळखीचे एक मेडिकलवाले न येताच फॉर्म भरून द्यायला तयार आहेत. मग तीन महिने काउंटरमागे उभं राहून मिळणार काय?

मी जतला (जि. सांगली) मेडिकल चालवते, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. गेली बारा वर्षं दरवर्षी एक-दोन मुलं माझ्या हाताखाली ट्रेनिंगला असतात. ती तुझ्याच वयाची असतात, म्हणून तुलाही 'तू'च म्हणते. तो शिक्का घेऊ नकोस. जा, आणि पूर्ण तास भर.

त्या ५०० तासांपैकी निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषधं देण्यात जायला हवेत, असं नियमातच आहे. त्यामागचं कारण मला एका संध्याकाळी नीट कळलं.

माझ्याकडे एक मुलगा होता, हुशार, हात चपळ. एक काका इन्सुलिन घ्यायला आले. नेहमीची बाटली, मिलीला ४० युनिटची. सोबत सिरिंज मागितली. मी फोनवर होलसेलरशी बोलत होते. मुलाने बाटली दिली, सिरिंज दिली, थंड राहावी म्हणून बर्फाची पिशवीसुद्धा आठवणीने बांधून दिली. रात्री हिशेब जुळवताना माझ्या लक्षात आलं की लाल टोपणाची सिरिंज एकही कमी झालेली नाही, केशरी टोपणाची मात्र झालीय. लाल टोपणाची ४० युनिटच्या बाटलीसाठी, केशरी १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. काकांना डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेले. केशरी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं की येतं ०.२ मिली, म्हणजे या बाटलीतले फक्त ८ युनिट. आम्ही दोघं तशीच गाडी काढून त्यांच्या घरी गेलो. रात्रीच्या जेवणाआधीचं इंजेक्शन होऊन गेलं होतं. काकूंनी साखर तपासली, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं, सिरिंज बदलून दिली. काका बरे होते. उलटं झालं असतं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर डोस अडीचपट गेला असता आणि ती रात्र वेगळी गेली असती.

चूक माझी होती. फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देण्याची जबाबदारी रजिस्टर्ड फार्मासिस्टची. मुलाचा हात असला तरी नजर माझीच हवी. त्या दिवसापासून माझ्याकडे एक रीत आहे: शिकाऊ मुलाने काढलेलं औषध आधी ट्रेमध्ये, चिठ्ठीशेजारी. मी नाव, ताकद, एक्स्पायरी बघते, मग ते पेशंटच्या हातात. गर्दी कितीही असो. लोक कुरकुरतात, मी थांबवते. तो मुलगा आज स्वतःचं दुकान चालवतो आणि दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या खणांत ठेवतो.

असं कुणीतरी तुझ्या हाताकडे बघत असण्याचे हे शेवटचे तीन महिने. एकदा रजिस्ट्रेशन नंबर मिळाला की काउंटरवर तू एकटी असशील.

पहिला आठवडा मी कुणालाच काउंटरवर घेत नाही. रॅक लावायचे, एक्स्पायरी बघायची, फ्रिजचं तापमान दोन वेळा लिहायचं, २ ते ८ अंशांत आहे ना. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण कुठली दोन नावं सारखी दिसतात हे तिथेच डोळ्यांत बसतं. मग एच-वन रजिस्टर, म्हणजे कायद्यातल्या 'शेड्युल एच-वन' यादीतली औषधं विकल्याची नोंदवही. टीबीची औषधं, बरीचशी अँटिबायोटिक्स त्यात येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. 'परवाचीच गोळी द्या की, चिठ्ठी कशाला' म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला गोडीत नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते बघूनच येतं.

सगळ्यात जास्त वेळ मी समजावून सांगण्यावर घालवते. दम्याची रोटाकॅप ही यंत्रात घालून तोंडाने आत ओढायची पावडरची कॅप्सूल, पण ती गिळणारे पेशंट मी स्वतः पाहिलेत. कॅप्सूल दिसते, माणूस पाण्याबरोबर घेतो, आणि महिन्याने 'गुण नाही' म्हणून परत येतो. म्हणून दुकानात एक रिकामं यंत्र ठेवलंय. आधी शिकाऊ मूल मला ओढून दाखवतं, मग पेशंटला दाखवतं, मग पेशंटने आमच्यासमोर करून दाखवायचं. ओआरएसचंही तेच. लिटरभर पाण्यात एकदम घालायचं पाकीट लोक चमचा-चमचा पेल्यात घालतात. एक लिटरची बाटली उचलून दाखवली की डोक्यात राहतं.

आमच्या पूर्व भागातले पुष्कळ लोक कानडी बोलतात. मागे उमदीकडची एक मुलगी ट्रेनिंगला होती, फार बुजरी, दोन आठवडे तोंडच उघडलं नाही तिने. एक आजी बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या घेऊन गोंधळून उभ्या होत्या. माझं मराठी त्यांना पोचत नव्हतं. ही पुढे झाली, 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतरची कुठली, आणि उपाशीपोटीची कुठली, हे दोन स्ट्रिप वेगळ्या धरून सांगितलं, एकीवर पेनने उगवता सूर्य काढला. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्यानंतर ती कानडी पेशंट मला घेऊच द्यायची नाही.

दुकान निवडताना एवढंच बघ: फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर असतो का, की भिंतीवर नुसतं सर्टिफिकेट आहे. अर्धा तास बाहेर उभी राहिलीस तरी कळेल. सकाळच्या ओपीडीनंतरची आणि संध्याकाळी सहानंतरची वेळ मागून घे, चिठ्ठ्या तेव्हाच येतात. खिशात छोटी वही ठेव, वाचता न आलेलं प्रत्येक नाव त्यात उतरव आणि दुकान बंद व्हायच्या आत विचारून घे. जतच्या आसपास असशील तर माझ्याकडे यंदा एक जागा आहे.